बोलावणं नसलेला सण

युरोपातल्या एका प्रांताबद्दल मला इतकं ठाऊक आहे की तिथून आलेली माणसंसुद्धा कधीकधी तोंडात बोटं घालतात. वोयवोदिना त्याचं नाव. सर्बियाच्या उत्तरेला आहे, पाटासारखा सपाट. राजधानी नोवी साद. तिथे डॅन्यूबच्या काठावर एक किल्ला आहे आणि किल्ल्यावरच्या घड्याळात मोठा काटा तास दाखवतो नि छोटा मिनिटं, कारण होडीवाल्यांना लांबून तास दिसला की झालं, मिनिटांचं त्यांना काय करायचंय! हे काही मी तिथे जाऊन शिकले नाही. मी शिकले मेलबर्नच्या डँडेनॉन्गमध्ये, शेजारच्या घरात, पिवळं मेणकापड घातलेल्या जेवणाच्या टेबलावर. शिकवणारा माणूस गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या फॅक्टरीत माझ्या पप्पांच्या शिफ्टला होता. माझी पोरं म्हणतात, "मम, गेट टू द पॉइंट." त्यांना मी सांगते, दम धरा जरा. गोष्ट एका वाडगाभर गव्हाची आहे, पण त्या वाडग्यापर्यंत जायला आधी मधलं कुंपण ओलांडावं लागतं, आणि ते ओलांडायला माझ्या आईला चार वर्षं लागली.

आम्ही वसईचे, ख्रिस्ती. डँडेनॉन्गला आलो तेव्हा मी अकरा वर्षांची होते. लाकडी फळ्यांचं भाड्याचं घर, मागे कपडे वाळत घालायचं गोल फिरणारं छत्रीसारखं यंत्र आणि शेजारच्या घराशी सामाईक असलेलं, एका बाजूला कललेलं लाकडी कुंपण. पहिले तीन महिने त्या रस्त्यावर आमच्याशी कुणी बोललं म्हणून नाही. मग एक दिवस आईला कुठल्याशा श्रीलंकन दुकानात सुके बोंबील मिळाले. बाईचा आनंद गगनात मावेना. घरी येऊन तिने ते तव्यावर भाजायला घेतले आणि पाच मिनिटांत समोरच्या घराच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. पप्पा म्हणाले, "अगं, पोलिसांना फोन करतील." तेवढ्यात दारावर थाप पडली. आईने घाबरत घाबरत दार उघडलं, तर समोर एप्रन बांधलेली, पांढऱ्या केसांची वेणी डोक्याभोवती गुंडाळलेली एक बाई उभी. हातात रिकामी बशी. तिने तव्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या तोंडाकडे, आणि हसली. ही आमची इलोनामावशी.

तिला नुसतं इलोना म्हणावं असा तिचाच आग्रह होता, पण आईने मला दम भरला होता, "तुझ्या आजीच्या वयाची बाई आहे, नुसतं नाव घेऊन हाक मारलीस तर बघ." म्हणून ती मावशी आणि तिचा नवरा दुशान हा दुशानकाका. त्या दोघांनाही ते इतकं आवडलं की पुढे दुशानकाका फॅक्टरीत फोन घेतानाही "काका स्पीकिंग" म्हणायचा. इलोनामावशी हंगेरियन आणि कॅथलिक, रविवारी आमच्याच चर्चला यायची, आईच्या शेजारी बसायची. दुशानकाका सर्ब आणि ऑर्थोडॉक्स, त्याचं चर्च वेगळं, नाताळसुद्धा वेगळा, सात जानेवारीला. त्यांच्या घरात दोन नाताळ, दोन ईस्टर. मूलबाळ नव्हतं. दोघं आपसात कधी एका भाषेत सुरू करायची आणि भांडण दुसऱ्या भाषेत संपवायची. आईचं इंग्रजी मोडकं, मावशीचं त्याहून मोडकं, तरी दोघी कुंपणापाशी तास तास उभ्या असायच्या. काय बोलायच्या देव जाणे. एकदा आईने मला सांगितलं की मावशीच्या नणंदेने तिला लग्नात जुन्या चादरी दिल्या होत्या. हे हातवाऱ्यांनी कसं काय सांगितलं असेल, मला आजही कळलेलं नाही.

त्या घराचे वास मला डोळे मिटून ओळखता येतील. इथला उन्हाळा सरता सरता, मार्चमध्ये, दुशानकाका परसात पत्र्याच्या पिंपावर लाल ढोबळ्या मिरच्या भाजायचा, पोती पोती. साली काढायला आई आणि मी जायचो. बोटं दोन दिवस चुरचुरत राहायची. त्या मिरच्यांची वाटून शिजवून चटणी करायचे, तिला म्हणतात आयवार. आईने पहिल्या वर्षी ती चाखली आणि म्हणाली, "सगळं बरोबर आहे, लसूण विसरल्यात." दुसऱ्या वर्षीपासून तिच्या हट्टापायी त्यात भरपूर लसूण पडायला लागला. खसखशीचं सारण भरलेली गुंडाळी, प्लम घातलेले बटाट्याचे उकडलेले गोळे, असं काहीबाही बशीतून कुंपणावरून यायचं, आणि त्याच बशीतून आईचे तळलेले गोड फुगे, करंज्या, माशाचं कालवण पलीकडे जायचं. बशी रिकामी परत करायची नाही, हा आईचा नियम. घरात काही नसलं तर ती बशीत दोन लिंबं ठेवायची. मावशीला हे न सांगता कळलं होतं. तिचीही बशी कधी रिकामी आली नाही. वर्षातले एक-दोन महिने सोडून.

ते महिने म्हणजे डिसेंबर-जानेवारी. पहिल्या डिसेंबरात मावशीने कुंपणापाशी आईला सांगितलं, एकोणीस तारखेला आमची स्लावा आहे, दुशानने सुट्टी टाकलीय. स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा सण. आपल्याकडे कसा कुळाचा देव असतो, तसा सर्बांमध्ये प्रत्येक घराण्याचा संत, बापाकडून मुलाकडे आलेला. दुशानकाकाचा संत निकोलस. आईने मान डोलावली आणि वाट पाहू लागली. मावशी पुढे काही बोललीच नाही. एकोणीस तारखेला सकाळपासून गाड्यांची रीघ लागली. आमच्या दारापुढेसुद्धा गाड्या. हसणं, गाणी, बाजाची पेटी. आणि वास! हा सण उपासाच्या दिवसांत येतो म्हणून मटण-बिटण नाही, सगळे मासे. तळलेले मासे, लाल मिरचीतला माशांचा रस्सा. माझी आई वसईची, तिच्या नाकाला मासा कोणता आणि किती वेळ शिजला हेसुद्धा कळतं. ती दिवसभर स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. "अख्खं मेलबर्न जेवायला बोलावलंय," ती म्हणाली, "आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या आम्हाला साधं 'या' म्हणायला जीभ झडली हिची?"

हे कळायला आमच्या आईचं माहेर कळायला हवं. तिच्या गावात लग्नाचं बोलावणं घरी येऊन, उंबऱ्यात उभं राहून करायचं असतं. रस्त्यात भेटून 'या हं' म्हटलेलं चालत नाही. आजोबा एकदा सख्ख्या चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला गेले नव्हते, कारण बोलावणं धाकट्या पोराकरवी आलं होतं. वरात दारावरून गेली तेव्हा म्हणे ते नारळ सोलत बसले होते, मान वर केली नाही. आगंतुकासारखं जेवायला जाणं म्हणजे आमच्याकडे नाक कापून घेणंच. आता तुम्ही म्हणाल, विचारायचं ना सरळ. अहो, विचारलं असतं तर ती माझी आई कसली?

त्या नाताळला आईने रीतीप्रमाणे करंज्या, कुलकुल आणि रव्याचा केक भरून ताट पाठवलं. ताट परत आलं ते स्वच्छ धुतलेलं, पुसलेलं, रिकामं. आईने ते ताट कितीतरी वेळ हातात धरून ठेवलं होतं. "बघ," ती पप्पांना म्हणाली, "आपण कोण आहोत ते दाखवून दिलं." जानेवारीभर अबोला. मार्चमध्ये मिरच्या भाजायच्या आल्या, एवढ्या मिरच्या एकट्या बाईला सोलवेनात, मग पुन्हा हाका, पुन्हा बश्या. पुढच्या डिसेंबरात तोच प्रकार. त्याच्या पुढच्यातही तोच. मला तर वाटायचं, ऑस्ट्रेलियात जसा डिसेंबरात उन्हाळा येतो तसा आमच्या घरात अबोलाही येतो.

चौथ्या वर्षी मी दहावीत होते आणि भूगोलाच्या मिसने असाइनमेंट दिली: जगातला एक प्रांत निवडा, देश नव्हे, प्रांत, आणि वर्गाला त्याची ओळख करून द्या. मैत्रिणींनी पटापट टस्कनी, बव्हेरिया, क्वीबेक उचलले. मी हात वर करून म्हटलं, वोयवोदिना. मिस म्हणाली, "सॉरी?" तेव्हाच माझी कॉलर ताठ झाली. लायब्ररीतल्या जाड पुस्तकात आठ ओळी सापडल्या: सपाट मैदान, गहू, मका, तीन नद्या, अनेक वंशांचे लोक. आठ ओळींवर कोण मार्क देणार? मी वही घेऊन सरळ दुशानकाकाकडे गेले.

त्याने मेणकापडावरचं सगळं बाजूला सारलं. ब्रेड कापायची लांब सुरी आडवीतिडवी ठेवली, म्हणाला, ही डॅन्यूब. काटा म्हणजे तिसा नदी, चमचा म्हणजे सावा. मीठदाणी नोवी साद. मग नद्यांनी पडलेले तीन भाग दाखवले: बाच्का, बनात, स्रेम. बाच्कात, सुरी आणि काटा यांच्या मधोमध, त्याने मक्याचा एक दाणा ठेवला. ते त्याचं गाव. गावात तीन चर्चं: सर्बांचं ऑर्थोडॉक्स, हंगेरियन आणि क्रोएशियन लोकांचं कॅथलिक, स्लोव्हाकांचं लुथरन. तिन्हींच्या घंटा दुपारी बाराला वाजायच्या, पण घड्याळं जुळत नसल्यामुळे गावात बारा तीनदा वाजायचे, आणि शेतातला माणूस आपल्याला सोयीच्या घंटेला जेवायला बसायचा. कचेरीच्या पाटीवर चार भाषा. पोरं खेळता खेळताच त्या शिकायची. शिवी देताना कुठली भाषा वापरायची याचे मात्र नियम होते, ते त्याने मला सांगितले नाहीत. "आणि स्वायत्त म्हणजे काय?" मी विचारलं, कारण पुस्तकात तो शब्द होता. तो विचार करत म्हणाला, "घर एकच, चूलही एकच. पण स्वयंपाकघरात आपलं वेगळं कपाट." मग थोड्या वेळाने, "नुकत्याच त्या कपाटाच्या बऱ्याचशा किल्ल्या राजधानीवाल्यांनी काढून घेतल्या." मी दोन्ही वाक्यं वहीत उतरवली. आज त्या प्रांताची आपली विधानसभा आहे, सहा भाषांत सरकारी कामकाज चालतं, कपाट आहे, किल्ल्यांवरून कुरबुरीही आहेत. काकाची व्याख्या मला अजून कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही.

घरी येऊन मी हे आईला वाचून दाखवलं. मराठीत सांग, असा तिचा हुकूम, म्हणून अडखळत मराठीत. ती कणीक मळत होती. ऐकून म्हणाली, "यात काय नवल? आपल्याकडे कुपारी वेगळं बोलतात, वाडवळ वेगळं, कोळी वेगळं, आणि रविवारी बाजारात सगळे एकमेकांना समजतात. ही तर वसईच झाली की!" हे वाक्यही मी वहीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मी सण-उत्सवांसाठी पुन्हा गेले. काका म्हणाला, "लिही, स्लावा." तो सांगत गेला. दिवसभर जळणारी मोठी मेणबत्ती. पाद्रीने आशीर्वाद दिलेला गोल पाव. साखर आणि अक्रोड घालून केलेला शिजवलेल्या गव्हाचा वाडगा, तो दारात पाहुण्यापुढे धरायचा, पाहुण्याने क्रूसाची खूण करून त्यातला एक चमचा गहू खायचा, मग आत यायचं. "आणि बोलावणं कधी करता?" मी विचारलं. काका माझ्याकडे बघतच राहिला. "स्लावाला बोलावत नाहीत," तो म्हणाला. "कधीच नाही. बोलावलं तर त्या माणसाला यावं लागेल ना? ज्याला आपण आपले वाटतो तो आपला दिवस लक्षात ठेवतो आणि येतो. जो येत नाही..." त्याने खांदे उडवले. ओट्यापाशी इलोनामावशी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही, पण नळ बंद केला. म्हणाली, "तीन वर्षं मी तीन ताटं जास्तीची मांडली. तुझ्या आईच्या ताटाला मोठा मासा."

तीन वर्षं! कुंपणाच्या अलीकडे एक बाई बोलावलं नाही म्हणून जळत होती आणि पलीकडे दुसरी, आली नाहीत म्हणून. मी काही बोलणार तेवढ्यात काका म्हणाला, "हे शेवटचंच वर्ष. तुझ्या असाइनमेंटला बरं झालं." सर्ब, क्रोएशियन, सगळ्यांचा मिळून एक असलेला त्यांचा देश त्या वर्षी फुटायला लागला होता. इथे डँडेनॉन्गमध्ये, जिथे एक गोळी कुणी झाडली नव्हती, तिथेसुद्धा क्लबात टेबलं वेगळी झाली होती, लोक एकमेकांना ओळख देईनासे झाले होते, आणि दोन्हीकडच्यांना घरात घेणाऱ्या काकाकडे दोन्हीकडचे यायचे बंद झाले होते. काकाचा सगळ्यात जवळचा दोस्त योसिप, त्याच्याच गावचा क्रोएशियन, त्याच्याच बोटीतून आलेला, त्याच्या लग्नाचा साक्षीदार. दोघांचं टीव्हीवरच्या बातम्यांवरून भांडण झालं होतं आणि सहा महिने तोंड पाहिलेलं नव्हतं. "मला मुलगा नाही," काका म्हणाला. "ही स्लावा माझ्यानंतर कुणाकडे जायची नाही. माणसं येतात म्हणून ती आहे. या वर्षी कुणी आलं नाही, तर संध्याकाळी मेणबत्ती विझवीन आणि पुन्हा लावणार नाही." मावशीला तो हंगेरियनमध्ये काहीतरी म्हणाला. तिने मला सांगितलं, तो म्हणतोय गहू एक वाडगाच कर, जास्त करून वाया जातील.

मी घरी धावत आले आणि एका दमात सगळं ओकले. मला वाटलं आई रडेल, धावत जाईल. छे! ती म्हणाली, "आता कळलं म्हणून जायचं? इतकी वर्षं गेलो नाही, आणि आता त्यांच्याकडे कुणी येत नाही तेव्हा आम्ही दत्त म्हणून उभे? ते काय समजतील, कीव करायला आले. आणि बोलावणं आल्याशिवाय मी कुणाचा उंबरा चढत नाही, तुला ठाऊक आहे." पप्पा म्हणाले, "अगं, पण त्यांच्यात पद्धतच..." आई म्हणाली, "त्यांची पद्धत त्यांच्यापाशी." पुढचे दहा दिवस मी तिच्या मागे भुणभुण लावली. काही उपयोग नाही. अठरा तारखेला मी चिडून इंग्रजीत ओरडले, आणि मग तिला समजावं म्हणून मराठीत ओरडले, "तू इलोनामावशीला बोंबील खायला बोलावलं होतंस? गेली होतीस तिच्या उंबऱ्यात? अख्ख्या रस्त्याने खिडक्या लावल्या आणि ती एकटी बशी घेऊन आली. बोलावल्याशिवाय आली!" आई लाटणं हातात धरून उभी राहिली. आईला निरुत्तर झालेली मी आयुष्यात तेवढी एकदाच पाहिली, आणि प्रामाणिकपणे सांगते, मला त्या क्षणी जो आनंद झाला तो पुढे पहिल्या पगारालाही झाला नाही.

एकोणीस तारखेला उत्तरेकडून भट्टीतला वारा सुटला होता. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. मी सकाळपासून पडद्याआडून पाहत होते. अकरा वाजले, बारा वाजले. बाराला आई न्हाणीघरातून बाहेर आली ती लग्नातली जांभळी साडी नेसून, गळ्यात सोन्याची माळ, केसांत परसातल्या गुलाबाचं फूल. एवढ्या उन्हात रेशीम! हातात कालवणाचा टोप, भाज्या-बिज्या नाही, चांगल्या दोन स्नॅपर माशांचं कालवण, पहाटे उठून केलेलं. "चला," ती म्हणाली, "आणि कुणी दात काढले तर याद राखा."

दुशानकाकाने दार उघडलं. कोट, टाय, घामाने डबडबलेला. त्याच्यामागे लांबलचक टेबल मांडलेलं, ताटांमागे ताटं, आणि एक माणूस नाही. मधोमध मेणबत्ती, भिंतीवर काकाला त्याच्या बापाने देश सोडताना दिलेली संत निकोलसची छोटी तसबीर. काका आमच्याकडे बघत राहिला, मग आईकडे, मग साडीकडे. मावशी आतून आली, तिचे डोळे आधीच लाल होते. तिने आईच्या हातातला टोप घेतला आणि गव्हाचा काचेचा वाडगा आईपुढे धरला, चमच्यासकट.

आणि इथे माझ्या आईने घोळ घातला. तिने क्रूसाची खूण केली, वाडगा दोन्ही हातांनी घेतला, आत जाऊन खुर्चीवर बसली आणि खायला लागली. तिला वाटलं हे तिचं पान. यजमानीण हातात वाडगा देते म्हणजे तो आपला, आणि ताटात पडलेलं टाकायचं नाही, अन्नाचा अपमान होतो. हे आमच्या रक्तात इतकं भिनलंय की माझी नातवंडंसुद्धा पास्ता संपवल्याशिवाय उठत नाहीत. मला ठाऊक होतं, एकच चमचा. माझ्या वहीत लिहिलेलं होतं! मी "आई" म्हणून पुढे झाले, तर मावशीने माझं मनगट धरलं, घट्ट. काकानेही मान हलवली, राहू दे. पप्पा कानात म्हणाले, "आपल्याला नाही का?" आई खातच होती, सावकाश, नीट चावून. गहू जड, साखर, अक्रोड, वर हा उकाडा. अर्ध्यावर ती थांबली, पदराने कपाळ पुसलं, मला म्हणाली, "ही तर आपली गव्हाची खीर, दूधच तेवढं विसरल्यात. सांग तिला, छान झालंय." आणि पुन्हा सुरू. काका टेबलाच्या टोकाशी उभा राहून तिच्याकडे बघत होता. आलेल्या प्रत्येक माणसासाठी एक एक चमचा म्हणून शिजवलेले ते गहू, न आलेल्या सगळ्यांच्या वाटचे, एक जांभळ्या साडीतली बाई एकटी खात होती. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

शेवटी आईने वाडगा टेबलावर ठेवला. तळाशी एक चमचाभर गहू शिल्लक होते. मग जेवणं झाली. आईच्या वाट्याला तो मोठा मासा आला, तीन वर्षं उशिरा, आणि पोटात तसूभर जागा नसताना तिने तोही काट्यापर्यंत साफ केला. पप्पा आणि काका फॅक्टरीतल्या फोरमनला नावं ठेवत बसले. तीन वाजले, चार वाजले. आणखी कुणी आलं नाही. पाचच्या सुमाराला मावशी भांडी आवरायला लागली आणि काका उठून मेणबत्तीपाशी गेला. ती विझवताना वाइनचे थेंब सोडतात, त्याने ग्लास हातात घेतला. आम्ही आलो होतो हे खरं, पण आम्ही त्याच्या गावचे नव्हतो, त्याच्या बोटीतले नव्हतो. मला ते त्याच्या पाठीवरून दिसत होतं.

बाहेर गाडीचं दार वाजलं. मग बराच वेळ काहीच नाही. मग दारावर थाप, इतकी हळू की पप्पा म्हणाले वारा असेल. मावशीने दार उघडलं. एक धिप्पाड, टक्कल पडलेला माणूस, हातात बाटली, नजर पायपुसण्यावर. योसिप. तो आत आला नाही. उंबऱ्यापाशी थांबला. वाट बघत थांबला होता, हे मला लगेच कळलं, कारण तेही माझ्या वहीत होतं. गव्हाशिवाय आत यायचं नसतं.

मावशीने वाडग्याकडे पाहिलं, मी आईकडे पाहिलं. मला वाटलं, धरणी दुभंगून आम्हाला पोटात घेईल तर बरं. पण वाडग्यात चमचाभर गहू होते. काकाने तो उचलला, दोन्ही हातांनी दारापर्यंत नेला. योसिपने क्रूसाची खूण केली, आपल्या पद्धतीने, काकाच्या उलट्या बाजूने, आणि तो चमचा खाल्ला. मग दोघं म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले आणि लहान मुलांसारखे हुंदके देऊन रडले. काय बोलत होते मला कळलं नाही, चार भाषांपैकी कुठली होती तेही कळलं नाही. वाइनचा ग्लास टेबलावर तसाच राहिला. मेणबत्ती जळत राहिली.

नंतर मी आईला विचारलं, "तू तेवढा एक चमचा का ठेवलास?" ती म्हणाली, "हा काय प्रश्न झाला? भांडं कधी खरवडून रिकामं करू नये. कुणी यायचं राहिलं असेल तर?" तिला आपण काय केलं ते शेवटपर्यंत उमगलं नाही. गहू एक चमचा खायचे असतात हे मी तिला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. असाइनमेंटला मला ए मिळाला होता. मिसने शेरा दिला होता, 'माहितीचे स्रोत लिहिलेले नाहीत'. अजून राग येतो त्या बाईचा.

आम्ही निघालो तेव्हा ऊन अजून होतं. मावशीने आईचा टोप धुऊन, खसखशीची गुंडाळी आणि तळलेले मासे भरून परत दिला, इतका भरून की झाकण बसेना. काका गेटपर्यंत आला. त्याने आईचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "नेक्स्ट इयर..." चेहऱ्यावर केवढी तारांबळ! त्याला म्हणायचं होतं, पुढच्या वर्षी या. आणि ते म्हणायची त्यांच्यात रीत नव्हती.

आई, जी जन्मात बोलावल्याशिवाय कुणाचा उंबरा चढली नव्हती, तिने टोप कमरेवर नीट घेतला, पदर सावरला आणि तिच्या त्या मोडक्या इंग्रजीत त्याला बजावलं, "नेक्स्ट इयर, मोअर व्हीट."